नरकासुराचे हात

सांगलीकडून दीड वर्षापूर्वी फोंडा तालुक्यात राहायला आलेल्या एका आईचं पत्र आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. मुलगा सहा वर्षांचा, यंदा मराठी माध्यमाच्या पहिलीत. मावशीने वाढदिवसाला दिलेलं एक चित्रांचं पुस्तक त्याला फार आवडतं. गोष्ट अशी: डोंगरावर एक राक्षस एकटाच राहतो. रोज रांधतो, दोन ताटं वाढतो आणि दारात उभा राहून "जेवायला या!" अशी हाक मारतो. आवाज एवढा मोठा की झाडांची पानं गळतात आणि खालचं गाव दारं लावून घेतं. शेवटी शेळी हरवलेली एक मुलगी रागारागाने डोंगर चढून येते, दुसऱ्या ताटावर बसते आणि म्हणते, "आमटीत मीठ कमी आहे." संपली गोष्ट. गेले चार महिने हे पुस्तक रोज रात्री वाचावं लागतं. घरी जेवतानाही मुलगा एक ताट जास्तीचं मांडायला लावतो.

यंदा वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, मुलांनी दिवाळीला जाळायचा नरकासुराचा पुतळा केला. दहा-बारा दिवस हा रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचा. चतुर्दशीच्या पहाटे नरकासुर पेटवला तेव्हा त्याने आकांत मांडला: "त्याला मित्र नाहीत म्हणून जाळता का? त्याचे हात मी चिकटवले होते!" लोक हसले. वडिलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारणीने पोह्यांना बोलावलं होतं, तिकडे न जाता तिघं घरी परतली. आता वडील म्हणतात, ते पुस्तक टाकून दे. आजी फोनवर म्हणते, राक्षसांची कसली पुस्तकं वाचता, रामरक्षा शिकव. वर्गशिक्षिका म्हणतात, मुलगा मिसळत नाही, बोलत नाही. शेवटी आईने पुस्तक कपाटावर लपवलं, आणि तेव्हापासून मुलाची झोप उडाली आहे. आईने विचारलंय: पुस्तकामुळे हा असा झाला का? माझा मुलगा त्या राक्षसासारखा एकटा पडलाय का? त्याला कोणाला दाखवावं का?

ताई, नमस्कार.

आधी ते पुस्तक कपाटावरून खाली काढा. हे वाचून झाल्यावर नको, आत्ताच. आणि "अरे, बघ, सापडलं!" असं नाटक करू नका. सहा वर्षांच्या मुलाला कपाटावरची जागा चांगली माहीत असते. "मी लपवलं होतं, मला काळजी वाटली म्हणून. चुकलं माझं," एवढं सांगा आणि पुस्तक त्याच्या हातात द्या. कदाचित तो काहीच बोलणार नाही. त्या रात्री दोनदा वाचायला लावेल, एवढी तयारी ठेवा.

मी मानसतज्ज्ञ नाही. गोव्यातल्या प्राथमिक शाळांमधून तेवीस वर्षं शिकवलं, एवढंच माझं भांडवल. पण "रोज तेच पुस्तक" ही तक्रार मी इतक्या आयांकडून ऐकली आहे की त्याबद्दल खात्रीने बोलते. मोठ्यांना गोष्टीत पुढे काय होणार याची उत्सुकता लागते. पुढे काय होणार ते ठाऊक असणं, हेच लहान मुलांचं सुख असतं. पुढचं पान उलटलं की मुलगी येणारच, मीठ कमी निघणारच. दिवसभर ज्याला काहीच आधी कळत नाही, त्याला रात्री एक तरी गोष्ट अगदी ठाऊक हवी असते. शिवाय त्यातून भाषाही पक्की होते. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोन्हीकडे सारख्याच वेळा कानावर पडत होते. पण ज्यांनी तीच गोष्ट ऐकली त्यांच्या लक्षात ते शब्द जास्त राहिले. तेव्हा चार महिने म्हणजे काही विशेष नाही.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. तुम्ही ते लिहिलंत आणि पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबले.

"त्याचे हात मी चिकटवले होते."

तुम्हा दोघांना, आणि हसणाऱ्या लोकांनाही, पहिलं वाक्य ऐकू आलं, मित्र नसण्याचं. ते पुस्तकातून आलंय हे उघड आहे, म्हणून सगळा आळ पुस्तकावर गेला. पण दुसरं वाक्य पुस्तकातलं नाही. ते त्याच्या गेल्या दहा-बारा संध्याकाळींचं आहे. तुम्ही सांगलीच्या, म्हणून सांगते, नरकासुर म्हणजे काय हे इथल्या मुलांना विचारावं. घटस्थापनेपासूनच कुजबुज सुरू होते. बांबूचा नाहीतर लोखंडाचा सांगाडा, त्यात सुकं गवत कोंबायचं, वर कागद डकवायचा, म्हापशाच्या नाहीतर फोंड्याच्या बाजारातून मुखवटा आणायचा की घरीच करायचा यावर भांडायचं. मोठ्या मुलांकडे सांगाडा, मधल्यांकडे गवत आणि धाकट्यांकडे खळीचा डबा. (हल्ली बक्षिसांच्या स्पर्धा आणि रात्रभर छातीत धडधडणारे ते स्पीकर आले आहेत, त्याबद्दल माझं मत विचारू नका.) या सगळ्यात कोणीतरी तुमच्या मुलाला म्हटलं असणार, "यो मरे, हें धर." आणि त्याच्या हातात नरकासुराची बोटं दिली असणार.

म्हणजे ज्या मुलाला मित्र नाहीत म्हणून तुम्ही पत्र लिहिलंत, तो सलग दहा-बारा संध्याकाळी मुलांच्या घोळक्यात बसून काम करत होता. आणि मग एका पहाटे ते काम सगळ्यांसमोर जळून गेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला जायला जागाच उरली नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही रडले असते. इथल्या मुलांना ठाऊक असतं की हा जाळायलाच करायचा असतो, पुढच्या वर्षी परत करायचा असतो. तुमच्या मुलाचा हा पहिलाच. त्याला हे कोणी सांगितलं होतं का? माझा अंदाज आहे, नाही. सगळ्यांनी धरूनच चाललं की त्याला माहीत आहे.

तो राक्षसासारखा एकटा आहे का, असं तुम्ही विचारता. मुलाला गोष्ट आवडली म्हणजे तो गोष्टीतल्या नायकात स्वतःला बघतो, हे आपण कशावरून ठरवतो? माझीच फजिती सांगते. काऊ-चिऊची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा पावसात दाराशी उभा, आणि आतून चिऊताईचं चाललंय, "थांब, माझ्या बाळाला काजळ लावते." एकदा दुसरीच्या वर्गात मी विचारलं, या गोष्टीत तुम्ही कोण? मनात म्हटलं, बघू, कोणाला कावळ्याची दया येते. वर्गात एक मुलगी होती, घरी बरीच ओढाताण असलेली. मला वाटलं, ही नक्की काऊ म्हणणार. ती म्हणाली, "मी बाळ. मला काजळ लावतायत." त्या दिवसापासून मी मुलांच्या वतीने उत्तरं देणं बंद केलं.

तुम्हीही त्याला विचारा, पण "तू पण असाच एकटा आहेस का रे?" असं नको. त्या प्रश्नातच उत्तर भरलेलं असतं आणि मुलं आपल्याला हवं ते उत्तर देऊन टाकतात. पुस्तक उघडून नुसतं म्हणा, "या चित्रात तू कुठे आहेस?" तो राक्षसावर बोट ठेवेल, मुलीवर ठेवेल, कोण जाणे, शेळीवर ठेवेल. शेळीचं पुढे काय झालं हे पुस्तकात नाहीच, असं तुम्ही लिहिलंय. मला तर तीच चिंता लागून राहिली आहे. त्याने जिथे बोट ठेवलं, तिथून पुढचं त्यालाच सांगू द्या. आणि घरातलं ते जास्तीचं ताट कोणासाठी, हेही विचारा. तुमच्या पत्रात ते कळत नाही. राक्षसासाठी असेल असं तुम्ही गृहीत धरलंय. राक्षसाकडे जेवायला येणाऱ्या पाहुण्यासाठीही असू शकतं. म्हणजे तो स्वतःला यजमान समजत असेल, आणि एकटं मूल व यजमान मूल यांत पुष्कळ अंतर आहे.

शाळेचं काय? बाईंचं म्हणणं खोटं असेल असं नाही. पण वर्गातली भाषा आणि मैदानावरची भाषा इथे वेगळी असते, हे सांगलीत बसून लक्षात येत नाही. १९८७ च्या कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा ठेवली. घंटा झाल्यावर मात्र कोणताच कायदा चालत नाही, पोरं कोंकणीतच धावतात. तुमचा मुलगा मराठी धडा घडाघडा वाचत असेल आणि खेळात त्याला "धांव" कधी आणि "राव" (थांब) कधी हे कळायच्या आत तो बाद होत असेल. दोन्ही भाषा बहिणी-बहिणी, म्हणून मोठ्यांना वाटतं त्याला कळतंच आहे. कळायला आणि तोंडातून निघायला वेळ लागतो. नव्या भाषेत पडलेली मुलं कित्येकदा काही महिने नुसती ऐकत असतात, आणि मग एक दिवस भसाभसा बोलू लागतात. त्याला खेळात शिरायला एकच वाक्य पुरेल: "हांव खेळपाक येंव?" (मी खेळायला येऊ?) हे वाक्य घरी तुम्ही दोघं त्याच्याबरोबर गंमत म्हणून म्हणा. आणि बाईंना विनंती करा की त्याला हाताने करायचं काम द्यावं, तक्ता चिकटवणं, फळा पुसणं, कोणा एकाबरोबर जोडीने. तो बोलण्याआधी हाताने दोस्ती करणारा मुलगा आहे, हे नरकासुराने सिद्ध केलंच आहे.

एकाबरोबर म्हणाले, कारण एक मित्र पुरतो. पुस्तकातल्या राक्षसालाही एकच मुलगी मिळाली.

आता तुमच्या यजमानांचं आणि आजींचं म्हणणं. मुलगा राक्षसाची बाजू घेतो याचं दोघांना वावगं वाटतं. एका गोष्टीत ते बरोबर आहेत: नरकासुर बिचारा एकटा होता, असं त्याला सांगू नका. तो प्राग्ज्योतिषपूरचा राजा होता आणि त्याने सोळा हजार स्त्रियांना कोंडून ठेवलं होतं. म्हणून कृष्ण आणि सत्यभामा त्याच्यावर चालून गेले. सहा वर्षांच्या मुलाला एवढं सांगता येतं की पुस्तकातला राक्षस दिसायला भयंकर आहे आणि नरकासुर वागायला भयंकर होता. मुलांना हा फरक आपल्यापेक्षा लवकर कळतो. त्यांच्या वर्गात गोरेगोमटे चिमटे काढणारे असतातच.

पण त्याचं रडणं अधर्म होता असं मात्र मुळीच नाही. नरकासुर हा भूमीचा मुलगा, म्हणजे त्यालाही आई होती. आणि मरताना त्याने वर मागितला, या पहाटे जो मंगलस्नान करील त्याला नरक न मिळो. आपण तेल-उटणं लावून अंघोळ करतो आणि अंगठ्याखाली कारीट फोडतो, त्या सकाळीतही त्या असुराचा वाटा आहे. पुढे दोनच दिवसांनी पाडव्याला आपण काय म्हणतो? "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." बळी कोण? असुरच. एकाला जाळायचं आणि दुसऱ्याचं राज्य यावं म्हणायचं, हे एकाच दिवाळीत बसतं. गोव्यात तर याहून पुढची गंमत आहे. इथल्या कितीतरी गावांत वेताळ हा ग्रामदेव आहे, आमोण्यात त्याचं मोठं देऊळ आहे. भुतांचा राजा तो, पण रात्री गावाची राखण करत फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या वहाणा वाहतात. देवचाराचंही तसंच. काठी टेकत रात्री शिवेवरून फिरणारा, कधी वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा. त्याच्यासाठी रोट ठेवतात. भयंकराला घाबरायचं, आणि त्याची चप्पल झिजली की काळजीही करायची. मावशीने दिलेल्या पुस्तकातली आमटी यापेक्षा फार वेगळी आहे का? यजमानांना हे वाचायला द्या. आजींना सांगा, रामरक्षा जरूर शिकवू. निजण्याआधी दोन्हींना वेळ असतो.

या निमित्ताने इतर आईबापांसाठीही थोडं. अशी पुस्तकं हल्ली बरीच मिळतात आणि सगळीच चांगली नसतात. मी एक गोष्ट बघते: मित्र मिळवण्यासाठी राक्षसाला काय द्यावं लागलं? काही पुस्तकांत त्याला शिंगं लपवावी लागतात, नखं कापावी लागतात, हळू बोलायला शिकावं लागतं, तेव्हा कुठे गाव त्याला जवळ करतं. काहींत तो पुरातून कोणाला तरी वाचवतो आणि मग त्याचा सत्कार होतो. म्हणजे वेगळ्या मुलाने आधी लायकी सिद्ध करायची. मला ही पुस्तकं आवडत नाहीत, चित्रं कितीही सुंदर असोत. तुमच्या पुस्तकात राक्षसाचा आवाज शेवटपर्यंत मोठाच राहतो, बदलतं फक्त मीठ. लिहिणाऱ्याला मुलं कळली आहेत. विकत घेण्याआधी पारखायचं असेल तर पणजीच्या पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक, आणि तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे. एखाद्या शनिवारी त्याला घेऊन जा, पुस्तकं त्यालाच निवडू द्या. त्याने पुन्हा राक्षसच निवडला तर हसू नका. आणि पुस्तकाचा काढा करू नका. "बघ, राक्षस कसा सगळ्यांना बोलावतो, तूही बोलावत जा," असं पाजलंत की पुस्तक त्याच्या हातून निसटून तुमच्या हातात येतं.

कोणाला दाखवावं का? मला आज तशी गरज दिसत नाही. तो घरी बोलतो, जेवतो, खेळतो, संध्याकाळी आपण होऊन बाहेर जायचा. पुस्तक परत मिळाल्यावरही पंधरा दिवसांत झोप ठीक झाली नाही, अंथरूण ओलं होऊ लागलं, जेवण तुटलं किंवा शाळेत जाण्याच्या नावाने रोज पोट दुखू लागलं, तर थांबू नका. शाळेत महिनोन् महिने अजिबात न बोलणं हीसुद्धा एक वेगळी अडचण असू शकते. मात्र ती ठरवताना तज्ज्ञ शाळेचा पहिला महिना धरत नाहीत, आणि भाषा अनोळखी असल्यामुळे मूल गप्प आहे का हेही आधी बघतात. तेव्हा डॉक्टरांना घरची भाषा आणि मैदानाची भाषा, दोन्ही आवर्जून सांगा. गोमेकॉचा, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचा, बालरोग विभाग आहे, बांबोळीलाच सरकारी मानसोपचार संस्था आहे. तिथे जाण्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक लिहू का? तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून जरा भीत भीत लिहिते. तुमच्या चार पानी पत्रात "इथे आपलं कोणी नाही" हे तीन ठिकाणी आलंय. एकदाच मुलाबद्दल, दोनदा स्वतःबद्दल. दीड वर्ष झालं, यजमान पाळीवर जातात, दिवसभर घरात तुम्ही आणि भिंती. रात्री तुम्ही ते पुस्तक वाचता तेव्हा तो राक्षस तुम्हाला कोणासारखा दिसतो, हे मुलाला नका विचारू, स्वतःलाच विचारा. कदाचित मी चुकत असेन. पण त्या पहाटे एक बाई तुम्हाला हाक मारत होती: पोहे खायला या. गोव्यात त्या सकाळी पोहे म्हणजे नुसता नाश्ता नसतो. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले गूळ घातलेले, बटाट्याचे, असे चार-पाच प्रकार करून ती बाई चुलीपाशी थांबली असणार. तिच्याकडेही एक बशी भरायची राहिली. तुम्हाला लाज वाटली हे मी समजू शकते. पण लोक हसले ते कुचेष्टेनेच हसले, हे नक्की का? आमच्याकडे दरवर्षी एखादं पोर नरकासुरासाठी रडतं आणि पुढे दहा वर्षं त्याला त्यावरून चिडवतात. ज्याला चिडवतात तो वाड्याचा झालेला असतो.

हा अंक हाती पडेल तेव्हा तुळशीचं लग्नही होऊन गेलेलं असेल. तरी शेजारणीकडे जायला निमित्त लागत नाही. सांगलीकडची शेंगदाण्याची चटणी घेऊन जा आणि सरळ सांगा, त्या दिवशी आम्ही आलो नाही, मुलगा फार रडत होता. रसातले पोहे कसे करतात तेही विचारा. कोंकणी येत नाही ही अडचण सांगू नका. मुलाला पुढे करा, त्याला तुमच्यापेक्षा चार शब्द जास्त येत असणार.

आणि आता तातडीची सूचना. डिसेंबर लागला की वाड्यावर पुन्हा हालचाल सुरू होईल. ख्रिस्ती घरांतून गोठा आणि कागदी नक्षत्रं, त्यात धाकट्यांना चिकटवायचं काम असतंच. आणि एकतीस तारखेला पोरं ओल्ड मॅन करतात. जुन्या कपड्यांत गवत भरून म्हातारा बसवायचा, रस्त्यात गाड्या अडवून पैसे मागायचे, आणि मध्यरात्री त्याला पेटवून द्यायचा. म्हणजे आणखी एक जळणार. या वेळी मुलाला आधीच सांगा, की याला जाळतात, सरलेलं वर्ष म्हणून जाळतात, आणि पुढच्या वर्षी दुसरा करतात. बघायला जायचं की नाही हे त्याला ठरवू द्या. पोरं जुने कपडे मागायला दारावर येतील तेव्हा यजमानांचा एखादा शर्ट तयार ठेवा आणि तो मुलाच्याच हातून द्या. शर्ट देण्याआधी त्याचं एक बटण मात्र मुलाला काढून घेऊ द्या.